थर्मामीटरच्या पेटीतला तिळगूळ

नाना, मी बेटावर चाललेय. तुमच्याच बेटावर. ज्याचं नाव तुम्ही काळ्या रंगात ब्रश बुडवून पेट्यांच्या झाकणांवर वर्षानुवर्षं लिहिलंत आणि जे तुम्ही कधी पाहिलं नाहीत, त्या मिनिकॉयला. संक्रांतीच्या दोन दिवस आधीचं विमान आहे, कोचीपर्यंत. पुढे बोट. एकटी चाललेय. आता तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर चढवून "एकटी म्हणजे?" असं विचारलं असतंत. थांबा जरा, सांगते. मला कुठलीही गोष्ट मुळापासून सांगायचा कंटाळा आहे हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही, पण यावेळी मला बरेच कागद भरायचे आहेत. का, ते शेवटी कळेल.

तुमचे जावई येत्या मार्चला रिटायर होतात. म्हणजे सरकारी खर्चाने फिरायची, त्या एलटीसीची, ही शेवटची खेप. रिटायर झालं की संपलं. तुम्ही स्वतः सरकारी नोकरीत होतात, तुम्हाला काय सांगायचं. तुम्ही दर वेळी फॉर्मवर 'गृहनगर' लिहायचात आणि आम्हाला जळगावच्या गाडीत बसवायचात. ह्यांनीही सगळी नोकरी तेच केलं, फक्त जळगावच्या जागी सांगली. मी दर वेळी म्हणायचे, एकदा तरी बेटावर जाऊ. हे म्हणायचे, "पुढच्या वेळी बघू." बघू बघू करत माझे केस पांढरे झाले. या दिवाळीत फराळाची ताटली पुढे ठेवली आणि स्पष्ट सांगितलं, ही शेवटची खेप आहे, यावेळी बेट. ह्यांनी मान हलवली. माझी चूक एवढीच, की ती मान कुठल्या दिशेला हलली ते मी नीट पाहिलं नाही.

पंधरा दिवसांनी ह्यांच्या बॅगेतून डबा काढताना मंजुरीचा कागद हाताला लागला. इंग्रजी मला धड येत नाही, पण सांगली कुठल्याही भाषेत ओळखते. "अहो, हे काय आहे?" "अगं, सवयीने लिहिलं गेलं." "सवयीने? मी काय सवयीने बोलत होते का इतकी वर्षं?" मग हे हळूच म्हणाले, "आई शहाऐंशीची आहे. वाट बघते." आता यावर माणूस काय बोलणार? सासूबाई खरंच वाट बघतात, खोटं नाही. पण माझ्या तोंडाला कधी दार आहे? कुकरचं झाकण ओट्यावर आपटलं आणि म्हटलं, "तुम्ही जा सांगलीला. मी एकटी जाते बेटावर." असं आपण रागात म्हणतो, नाना. कुणी ते खरं धरायचं नसतं. तुमच्या जावयांनी धरलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले ते मफलरही न काढता स्वयंपाकघरात. "मी विचारून आलो." "काय?" "बायको वेगळी जाऊ शकते. कर्मचारी एकीकडे, बायको दुसरीकडे. नियमात बसतं." आणि असे हसले, जसं काही माझ्यासाठी मोत्यांच्या कुड्या घेऊन आले. मी चहा गाळत होते. गाळणं हातातच राहिलं. मी आजवर मयूर विहारहून करोल बागेला मेट्रोने एकटी गेलेय, त्यापलीकडे एकटी कुठेच नाही. पण शब्द तोंडातून गेला होता. म्हटलं, "बिल्कुल. जाते."

त्या दिवसापासून तुम्ही सारखे डोळ्यांसमोर येताय. शनिवारी शाळा सुटली की मला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून तुम्ही ऑफिसच्या स्टोअरमध्ये न्यायचात. पत्र्याच्या छपराची ती लांबलचक खोली, भिंतीला लाकडी पेट्यांची रास, एका कोपऱ्यात भुसा, दुसऱ्या कोपऱ्यात कापूस, आणि मधल्या टेबलावर ती लांब, बारीक, आत पारा भरलेली थर्मामीटरं. देशभर कुठे किती ऊन पडलं ते मोजायला तुमच्या हवामानाच्या ऑफिसातून जायची. तुम्ही एकेक उचलताय, आधी कापूस, मग कागद, मग पेटीतल्या खाचेत, मग भुसा. झाकण ठोकायच्या आधी पेटी कानाशी धरून हलवताय. वाजली, तर आत जागा राहिली. जागा राहिली, तर वाटेत काच हलणार, आणि हलली की गेली. मी नऊ वर्षांची. मी एक पेटी पटापट भरली आणि म्हटलं, झालं. तुम्ही हलवली. आत टिक् झालं. तुम्ही सगळं परत बाहेर काढून टेबलावर मांडलंत, म्हणालात, "कर," आणि चहा प्यायला निघून गेलात. परत केली, परत टिक्. परत बाहेर. तिसऱ्या वेळी मी रडायला लागले, मला तिमारपूरला, घरी जायचंय म्हणून. तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुला तिमारपूरला जायचंय. याला मिनिकॉयला जायचंय. घाई कुणी करायची?" एवढं एकच ओरडणं मला तुमचं आठवतं, आणि त्यातही तुम्ही आवाज चढवला नव्हता.

तपासणीची थर्मामीटरं घेऊन पेट्या परत यायच्या तेव्हा तुम्ही त्यांचा वास घ्यायचात. बाकी सगळीकडून भुसा यायचा, नाहीतर गवत. मिनिकॉयची पेटी उघडली की आत काथ्या, नारळाचा, सोनेरी, खारट वासाचा. आणि वरून सुतळीची गाठ. ती गाठ तुम्ही कधी कापायचा नाहीत. सोडवत बसायचात आणि मला दाखवायचात. "बघ, उलटी पडते. हा माणूस डावखुरा आहे. आणि एक वीत सुतळी वाया घालवत नाही. घरात शिस्त असणार." तिथल्या साहेबाची पत्रं यायची, इंग्रजीत, सही-शिक्क्याची. पण पेटी भरणाऱ्याने कधी एक अक्षर लिहिलं नाही. तुम्हीही नाही. दोन पॅकर, एक दिल्लीत, एक समुद्रात, आणि मध्ये नुसत्या गाठी. तरी तुम्ही त्याच्याबद्दल असं बोलायचात जसं काही तो शेजारच्या क्वार्टरमध्येच राहतो. थंडीत अंगावर शाल ओढताना म्हणायचात, "आपला डावखुरा आज उघड्या अंगाने बसला असेल."

मग ती थंडी. मी अकरा वर्षांची आणि आई हिंदूराव हॉस्पिटलात भरती, दीड महिना. मी डबा करायचे आणि तुम्ही तो सायकलला लटकवून न्यायचात. शाळा त्या थंडीत सुटली ती सुटलीच. कुणी सोड म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही. आई घरी आली तेव्हा तिला उभं राहवत नव्हतं, आणि मला पोळ्या येत होत्या, मग तेच पुढे चालू राहिलं. त्याबद्दल मी तुमच्यावर रागावले नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. रागावले. पण मराठी अक्षरं तुम्हीच शिकवलीत, त्याच पेटीच्या ब्रशने, रद्दी कागदावर, म्हणून आज हे लिहिता येतंय. माझं अक्षर अजून लेबलासारखंच आहे, मोठं, ठोकळा. मुलगी म्हणते, "मम्मी, तू चिठ्ठी लिहितेस की बोर्ड रंगवतेस?"

संक्रांत तोंडावर आली तेव्हा आई हॉस्पिटलातच होती. तुम्ही म्हणालात, यंदा राहू दे. मी म्हटलं, मी करते. तुम्हाला इतका आनंद झाला की तुम्ही एक जास्तीचा डबा काढलात, बिस्किटांचा, गोल, पत्र्याचा. "आपल्या डावखुऱ्यालाही पाठवू. इतकी वर्षं गाठी मारतोय बिचारा." सरकारी पेटीतून घरचा तिळगूळ! तुम्ही, ज्यांनी ऑफिसची पेन्सिल कधी घरी आणली नाही! आईने खाटेवरून मला समजावलं. गूळ चिक्कीचाच घे. पाक झाला की वाटीत पाणी घेऊन एक थेंब टाक, टणक गोळी झाली पाहिजे, वाटीवर आपटली तर वाजली पाहिजे. मी मान डोलावली. लाडू वळले. तुम्ही थर्मामीटरच्या पेटीत मधोमध तो डबा बसवलात, चारही बाजूंनी भुसा दाबलात, पेटी माझ्या कानाशी धरलीत. काही वाजलं नाही. तुम्ही झाकणावर नाव लिहिलंत आणि खाली बाण मला काढू दिलात, 'इधर से ऊपर'.

मार्चात पत्र आलं. तिथल्या साहेबाचं. बोटीच्या पोटातल्या उकाड्यात गूळ पाघळला होता, डब्याच्या सांध्यातून बाहेर आला होता, कापसात, भुशात, सगळ्यात. थर्मामीटरं एकमेकांना चिकटलेली. सोडवताना तीन फुटली. तुम्हाला इथल्या साहेबापुढे उभं केलं, लेखी घेतलं, आणि तुमच्या सर्व्हिस बुकात लाल शाईने एक ओळ पडली. अख्ख्या नोकरीतली एकच. त्या संध्याकाळी तुम्ही घरी आलात, पायातल्या चपला नीट जोडून ठेवल्यात आणि मला विचारलंत, "गूळ चिक्कीचा होता ना?" मी म्हटलं, "हो." "गोळी बघितली होतीस?" "हो." "अच्छा," म्हणालात. आणि चहा मागितलात. बस.

मी मनात म्हटलं, आता त्या डावखुऱ्याचं आपल्याशी कायमचं बिनसलं. दसऱ्याच्या सुमारास मिनिकॉयची पेटी परत आली. शनिवार होता, मी स्टोअरमध्येच होते. वर तीच उलटी गाठ. आत काथ्या, आणि काथ्यात आपला बिस्किटांचा डबा, घासून असा लख्ख केलेला की जणू दुकानातून नुकताच आणलाय. तुम्ही तो उघडला नाहीत. आधी माझ्या कानाशी धरून हलवलात. "ऐक." मी म्हटलं, "काही नाही, रिकामा आहे." "उघड." आत लाडू होते, ठासून भरलेले, नारळाचे आणि गुळाचे, एकेक वाळक्या पानात गुंडाळून दोऱ्याने बांधलेला. इतक्या लांबून आले, पण एक लाडू दुसऱ्याला चिकटला नव्हता. तुम्ही एवढे हसलात की शेजारच्या सेक्शनची माणसं बघायला आली. "बघितलंस? याला म्हणतात उत्तर! शिकवतोय आपल्याला, कसं पाठवायचं ते!" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. लाडू चिवट होते, दाताला झुंजायला लावणारे, आणि आईने एकटीने सहा खाल्ले.

पुढच्या संक्रांतीला तुम्हाला परत पाठवायचं होतं, पण लेखी दिलं होतं ना, यापुढे करणार नाही म्हणून. मग तुमची दुसऱ्या सेक्शनला बदली झाली, फायलींच्या. पेट्या सुटल्या. शेवटच्या आजारात मी तुमचे पाय चेपत होते तेव्हा तुम्ही सहज म्हणावं तसं म्हणालात, "त्या डावखुऱ्याला उत्तर द्यायचं राहिलं." मी म्हटलं, "नाना, गप पडा बघू, औषध घ्या." माझं हे असं. म्हणून मला बेटावर जायचंय. निळं पाणी बघायला नाही. पाणी बघायला मिळालं तर बघेन, डोळे काही झाकून घेणार नाही.

हे मी मुलीला सांगितलं. ती गुडगावला नोकरी करते, तिकिटं तिनेच काढली. "मम्मी, यार, तो माणूस आता असेल तरी का? त्यापेक्षा मालदीवला चल, मी सुट्टी काढते, सेम समुद्र आहे." मी म्हटलं, "मालदीवहून आपल्याला कुणी लाडू पाठवले होते का?" ती म्हणे, "अच्छा, पण पेटीत तो काथ्या काथ्या म्हणतेस, ते काय असतं?" बघा नाना, तुमच्या नातीला काथ्या माहीत नाही. मग परमिटचा फॉर्म. तिथे असंतसं जाता येत नाही, परवानगी लागते. तुमचे जावई तो भरायला बसले, पेन दोनदा झटकलं, आणि 'येण्याचं कारण' या रकान्याशी अडले. "पर्यटन लिहू?" "मी पर्यटनाला नाही चालले." "मग काय लिहू, तिळगूळ?" "लिहा की." "अगं, सरकारी कागद आहे!" म्हटलं, सरकारी पेटीतून गेला तो, सरकारी कागदावर का नाही जाणार? शेवटी त्यांनी पर्यटनच लिहिलं. माझ्याकडे न बघता लिहिलं.

पोलिसांचा दाखला लागतो, त्यासाठी एक हवालदार घरी आला. जाडजूड, मिशाळ, हरयाणाकडचा. खुर्चीत बसला तशी खुर्ची करकरली. "अकेली जा रही हो, माताजी? टापू पे?" मला माताजी म्हटलेलं चालत नाही, पण दाखला पाहिजे होता, गिळलं. म्हटलं, "हाँ जी." "वहाँ कौन है?" "एक आदमी है. लेफ्टी है." "नाम?" "नाम नहीं पता." "पता?" "पता भी नहीं पता." त्याने पेन खाली ठेवलं. मग मी त्याला सगळं सांगितलं, थर्मामीटरं, गूळ, लाडू, सगळं. तो चहा ढवळायचं विसरला. शेवटी म्हणाला, "और वो ना मिला तो?" नाना, हा प्रश्न घरात कुणी विचारला नव्हता. मुलीने विचारला तो मला अडवायला, याने खरंच विचारला. मी म्हटलं, "तो उसका बेटा होगा, पोता होगा. नहीं तो जो भी उस दफ़्तर में पेटी खोलता होगा, उसको दूँगी." त्याने मान डोलावली, कागदावर सही केली आणि दारातून वळून म्हणाला, "माताजी, गजक ले जाओ. गजक नहीं पिघलती." मी दार लावून घेतलं. दिल्लीत जन्म गेला तरी तिळगुळाच्या जागी इथली ती तिळाची पट्टी, गजक? चलो, त्याचंही बरोबर असेल.

काल लाडू केले. चिक्कीचा गूळ मुलीने फोनवर मागवला, दहा मिनिटांत दारात. मी त्या पुडीकडे बघतच राहिले. पाक केला, वाटीत पाणी घेतलं, थेंब टाकला. मऊ. परत उकळला. परत थेंब. हे स्वयंपाकघराच्या दारात उभे, "झालं असेल गं आता." "तुम्हाला सांगलीला जायचंय," मी म्हटलं, "याला मिनिकॉयला जायचंय." पाचव्या थेंबाला गोळी वाजली. प्रत्येक लाडू कागदात गुंडाळला, दोऱ्याने बांधला. गाठ डाव्या हाताने मारायचा प्रयत्न केला, जमली नाही, उजव्यानेच मारली. डबा तोच आहे. तुमच्यानंतर मी त्यात बटणं ठेवायचे. बटणं काढली, डबा घासला. सगळे लाडू बसवून झाले, झाकण लावलं, कानाशी धरून हलवला. टिक्. वर एक मूठ जागा उरलीय. कापूस घालावा तर तो गुळाने माखलेला कापूस आठवतो. म्हणून सकाळपासून हे पत्र लिहितेय, नाना. मोठ्या अक्षरात, एका बाजूने, पानामागून पान, म्हणजे चुरगळून वर भरता येईल. हे कुठे टाकायचं नाहीच. तिथे डबा उघडणाऱ्याला मराठी येणार नाही, ते बरंच आहे.

हे मघाशी डोकावून गेले. दोन बॅगा दारात शेजारी शेजारी ठेवल्यात, एक सांगलीची, एक माझी. माझ्या बॅगेवर त्यांनी चिठ्ठी चिकटवलीय, हिंदीत, माझ्यासारख्या ठोकळा अक्षरात, 'सावधान'. मी विचारलं, "हे कुणासाठी?" म्हणाले, "बोटीवरच्या लोकांसाठी." मेल्यांना म्हातारपणी विनोद सुचतात.

आत्ता इथवरची पानं चुरगळून डब्यात भरली आणि परत हलवून बघितला. अजून वाजतोय, अगदी बारीक. म्हणजे एक पान अजून लागेल. मग लिहूनच टाकते. गूळ चिक्कीचा नव्हता, नाना. मराठी दुकान बंद होतं, दुसऱ्या दुकानापर्यंत चालायचा मला कंटाळा आला, म्हणून कोपऱ्यावरच्या हातगाडीवरचा मऊ गूळ आणला. आणि थेंब टाकून मी बघितलाच नव्हता. तुम्हाला ते त्याच संध्याकाळी कळलं होतं, चहा मागितलात तेव्हाच. हे पान घालते आता. मग हलवून बघते.